न पिसलेला गठ्ठा

पत्ते पिसतात हे सगळ्यांना माहीत असतं. वचनंही पिसावी लागतात, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं आणि पुढची अडतीस वर्षं ते काम माझ्याकडेच राहिलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ‘पिसणे’ हा शब्द चालत नाही, त्याला जुगाराचा वास येतो. पाळकसाहेब ‘मिसळणे’ म्हणायचे. मी चर्चमध्ये मिसळायचो आणि छापखान्यात पिसायचो. हात तेच होते आणि कार्डंही तीच.

आमची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही बेळगावकडचे मराठी ख्रिस्ती लोक नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेला जमतो. उपासना संपताना पुढच्या टेबलावर एक टोपली ठेवतात. तिच्यात खिशात मावतील एवढी कार्डं असतात. पाठीवर द्राक्षवेल आणि क्रूस, पुढच्या बाजूला शास्त्रातलं एक वचन. प्रत्येकानं पुढं जायचं, डोळे मिटायचे आणि एक कार्ड काढायचं. जे येईल ते देवानं त्या वर्षासाठी आपल्याला सांगितलं असं धरायचं. नोकरी सोडावी की धरून ठेवावी, पोरीला कुठं द्यावं, घरावर मजला चढवावा की नको, असले सगळे प्रश्न लोक डिसेंबरभर राखून ठेवतात आणि मग टोपलीत हात घालतात.

ती टोपली भरणारा मी. खडेबाजाराच्या मागच्या बोळात आप्पांचा छापखाना होता. आप्पा वडगावच्या विणकरांच्या घरातले, पण मागावर मन रमलं नाही म्हणून छपाईत पडलेले. त्यांच्याकडे मी कापणी आणि बांधणी बघायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे दाखले, दुकानांच्या पाट्यांचे मजकूर, आणि डिसेंबर उजाडला की आसपासच्या वीसेक मंडळ्यांची वचनाची कार्डं. छापखाना हिंदू माणसाचा आणि वचनं आमची, याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. वचनं मराठीत असावीत की कन्नडमध्ये यावरून मात्र पंचांच्या दोन बैठका झाल्या होत्या. शेवटी देवाला दोन्ही येतात असं ठरलं आणि मराठीत छापली.

काम असं चालतं. एका मोठ्या जाड कागदावर चोवीस वचनं बसतात. असे शंभर कागद छापले की ते एकावर एक रचून कापणीच्या मशीनखाली सरकवायचे. सुरी खाली आली की शंभरच्या शंभर एकदम कापले जातात. सगळी कापणी झाली की तुमच्यापुढं चोवीस गठ्ठे असतात, आणि प्रत्येक गठ्ठ्यात एकच वचन शंभर वेळा. म्हणजे देव अजून काही बोललेला नसतो, तो फक्त कापून ठेवलेला असतो. मग प्रत्येक गठ्ठ्यातून चार चार कार्डं उचलायची. चोवीस चोक शहाण्णव. ती नीट पिसायची, कागदात गुंडाळायची, वर मंडळीचं नाव टाकायचं. कुणाला काय आलं हे त्यानंतर आपल्या हातात नसतं. निदान मी तसं सांगत असे.

गिऱ्हाइकं वचनांचीही असतात. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या एक मार्थाआक्का होत्या. दर जानेवारीत बेळगावला बहिणीकडे आल्या की छापखान्यात यायच्या. पहिल्या खेपेला त्यांना संकट सोसण्याचं वचन आलेलं.

“हे बदलून द्या,” म्हणाल्या.

“आक्का, हे लुगडं न्हाय बदलून द्यायला. देवानं दिलंय.”

“देवानं दिलंय, पर छापलंय तुमीच की.”

मी त्यांना मेंढपाळाचं वचन दिलं. पुढच्या जानेवारीत तेही परत घेऊन आल्या. त्यात सगळं चाऱ्यापाण्याचं होतं आणि त्यांना मुलीच्या लग्नाचं हवं होतं. दुसरा एक परीक्षेला बसलेला मुलगा. त्याला ‘भिऊ नको’ आलं. तो खरंच भ्याला नाही, अभ्यासही केला नाही आणि व्यवस्थित नापास झाला. त्याचे वडील माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, जणू पेपर मी तपासले होते.

अशा गिऱ्हाइकांमुळे माणूस शहाणा होतो. सुरुवातीला वचनांची यादी पाळकसाहेब द्यायचे. मग एका वर्षी ते म्हणाले, “दाविदभाऊ, तुम्हाला आता सवय झाली आहे, तुम्हीच निवडत जा.” मी निवडू लागलो. दटावणी वगळली. शाप वगळले. सोसण्याचं मार्थाआक्कांनंतर वगळलं. चार-पाच वर्षांत मी असं शास्त्र तयार केलं की त्यातला देव फक्त धीर द्यायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा. लोक खूश होते. मीही होतो. देव चांगला आहे हे लोकांना पटावं यासाठी त्याच्या बोलण्यातलं थोडंफार कापावं लागतं, असं माझं मत झालं होतं, आणि कापणी तर माझा धंदाच.

एकच वचन मी रागानं काढलं. दीर्घायुष्याचं. माझ्या बायकोला, शांताला, ज्या वर्षी पोटाचा आजार निघाला त्या वर्षी तिला टोपलीतून तेच आलं. तिनं ते उशाखाली ठेवलं. ऑगस्टमध्ये ती गेली. पुढच्या डिसेंबरात मी ते वचन यादीतून खोडलं तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जागा पुरत नाही असं सांगितलं असतं.

त्यानंतर घरात मी आणि रूथ. रूथ माझी एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली, बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. आमचं बरं चाललं होतं. ती ड्यूटीवरून आली की मी चहा करायचो, ती दवाखान्यातल्या गमती सांगायची. मी साठीला टेकलो होतो. ती अशीच जवळ राहील, जवळपासचंच एखादं स्थळ बघू, अशी माझी योजना होती. ती मी देवाला वेळोवेळी कळवतही होतो.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या डिसेंबरात कपाटावर मला एक लिफाफा दिसला. ओडिशातल्या डोंगरात कुठंतरी एक लहान मिशन दवाखाना होता, त्यांना परिचारिका हवी होती. पगार इथल्यापेक्षा कमी. प्रवास दोन दिवसांचा. मी विचारलं तेव्हा रूथ म्हणाली, “बघू अण्णा. प्रार्थना करालेय.”

आमच्यात ‘प्रार्थना करालेय’ याचा अर्थ सगळ्यांना कळतो. टोपलीपर्यंत थांबलेय, असा तो अर्थ.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळीत आजवर देवानं ज्यांना ज्यांना ‘जा’ म्हटलं, त्या सगळ्यांना पगार वाढवूनच म्हटलं. दुबईला गेले, पुण्याला गेले, बेंगळूरला गेले, आणि जाताना प्रत्येकानं उभं राहून साक्ष दिली की दार देवानं उघडलं. कमी पगारावर कुणाला पाठवल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे रूथला देव कशाला पाठवेल, असा मला धीर होता. पण त्या वर्षीच्या चोवीस वचनांत एक वचन ‘जा’चं होतं. आपला देश, आपले लोक, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडे नीघ, अशा अर्थाचं. नव्या पंचांनी आग्रहानं घालायला लावलेलं. ‘बापाचं घर’ हे शब्द मी प्रूफात चार वेळा वाचले.

नाताळनंतर दोन दिवसांनी कापणी झाली. चोवीस गठ्ठे टेबलावर ओळीनं लागले. मी ‘जा’चा गठ्ठा उचलला आणि माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवला. फक्त आमच्या मंडळीच्या कार्डांतून ते काढलं असतं तर पाप झालं असतं. सगळ्याच मंडळ्यांतून काढलं, म्हणजे ते संपादन झालं. त्याची जागा मी ‘भिऊ नको’ जादा छापून, दुप्पट घालून भरली. भिणाऱ्यांना आमच्याकडे तोटा नाही. बाकीच्या मंडळ्यांची पुडकी बांधली. आमच्या मंडळीची कार्डं सगळ्यात शेवटी पिसली आणि बांधायची म्हणून नव्या वर्षाच्या डायऱ्यांच्या ढिगामागे ठेवली. तेवढ्यात निपाणीच्या गाडीची वेळ झाली, म्हणून तिकडची पुडकी घेऊन मी स्टँडवर पळालो.

परत आलो तर आप्पा म्हणाले, “तुमच्या चर्चचं पंच आलते. पुडकं घेऊन गेले.”

“बरं झालं,” मी म्हटलं. डब्याशेजारचा गठ्ठा जागेवर नव्हता. दुपारी रद्दीवाला येऊन गेला होता. तो घेऊन गेला असेल, असं मी धरलं आणि मला अगदी हलकं वाटलं. देवाच्या इच्छेचा निम्मा भाग रद्दीत गेला होता आणि उरलेला निम्मा मला मान्य होता.

नव्या वर्षाची सकाळ उजाडली. आम्ही ब्याण्णव जण होतो. आमच्याकडे सगळ्यांनी कार्डं काढली की प्रत्येक घरातल्या एकानं उभं राहून आपलं वचन मोठ्यानं वाचायचं असतं. पहिल्यांदा पाळकसाहेबांनी वाचलं. बापाचं घर सोड आणि नीघ. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मी मनात म्हटलं, एखादं कार्ड राहिलं असेल गठ्ठ्यात. मग मनोहर मास्तर उठले. हे येळ्ळूरचे, शाळेतून निवृत्त झालेले, सीमाप्रश्नासाठी तरुणपणी लाठी खाल्लेले. त्यांनीही तेच वाचलं. आमेन जरा कमी आवाजात आलं. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. पाचव्यांदा कुणी आमेन म्हटलंच नाही. मी माझं कार्ड उलटलं. तेच.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “प्रियजनहो, आजवर देव एकेकाशी बोलत आला. आज तो साऱ्या मंडळीशी एका मुखानं बोलला आहे.” ते खाली गुडघ्यावर आले. मग सगळेच आले. मीही आलो. बायकांच्या बाजूला रूथ दिसली. तिनं ओढणी तोंडाशी घट्ट धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. पोर रडतेय, मी मनात म्हटलं. देवानं तिला हाक मारली असं तिला वाटतंय, आणि ती हाक माझ्या डब्याशेजारून आलेली आहे.

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडल्या उघडल्या मी आप्पांना विचारलं. ते सहज म्हणाले, “व्हय की. तुझ्या डब्याजवळ एक गठ्ठा वायला काढून ठेवलेला दिसला. म्हटलं, दाविदनं आपल्या चर्चचं वायलं ठेवलंय. मीच कागदात बांधून दिला.” डायऱ्यांचा ढीग बाजूला सारला तर आमची खरी कार्डं तिथंच होती, नीट पिसलेली.

मी स्टुलावर बसलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आप्पा अडचण पडली की गावदेवाला कौल लावणारे. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं चिकटवतात; उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. आम्ही ख्रिस्ती लोक याला नावं ठेवतो. आप्पांना ते माहीत होतं.

“म्हंजे ह्यो तुमचाबी कौलच की रं,” ते म्हणाले.

“कौल न्हवं आप्पा. वचन हाय.”

“असूदे. आमचा गुरव फूल किती ओलं करायचं एवढंच बघतोय. तू तर उजवं फूलच काढून घेतलास.” मग म्हणाले, “एक सांग. आमच्या देवाला कौल नीट कळला न्हाय तर त्यो रागवत न्हाय. परत लाव म्हणतोय. तुमचा रागवतोय व्हय?”

मी म्हटलं, “तसं न्हाय.”

“मग एवढं भ्यालास कशाला?”

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मंडळीत नुसती धामधूम. पाळकसाहेबांनी ‘निघण्यासाठी तयार राहा’ अशी प्रवचनमाला जाहीर केली. मनोहर मास्तरांच्या मते ‘मी दाखवीन तो देश’ म्हणजे महाराष्ट्र, आणि इतक्या वर्षांनी का होईना, देवानं सीमाप्रश्नात लक्ष घातलं होतं. एका बाईंनी बदलीचा अर्ज लिहून ठेवला. बेळगुंदीचे इस्राएलतात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे. कुठं जायचं ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी पोरांना बोलावून घेतलं, रताळ्याचं वावर कुणी कसायचं ते सांगितलं, पुरताना घालायचा कोट इस्त्री करून आणवला आणि वाट बघत बसले.

मी तोंड उघडावं की नाही? गप्प राहिलो तर माझ्या लबाडीच्या जोरावर माझी मुलगी दोन दिवसांच्या प्रवासाला निघणार. बोललो तर लोक म्हणणार, पोरगी जाऊ नये म्हणून बाप काहीतरी रचतोय. आणि खरं सांगायचं तर बोलावंसं मला वाटत होतं तेही त्याचसाठी. उभ्या आयुष्यात खरं बोलण्याची एवढी घाई मला कधी झाली नव्हती, आणि ती का झाली हे मला चांगलं कळत होतं.

शनिवारी दुपारी रूथ जेवायला बसली. मी तिच्या ताटात भाकरी वाढली आणि उभ्या उभ्याच म्हणालो, “रूथ, ते कार्ड देवानं दिलेलं न्हाय. त्यो गठ्ठा पिसायचा ऱ्हायलेला.”

ती जेवता जेवता म्हणाली, “ठाव हाय मला.”

“ठाव हाय?”

“ओळीनं चौघांस्नी एकच आलं तवाच कळलं. लहानपणी मी न् आई तुमच्याबरोबर बसून कार्डं पिसत न्हवतो व्हय? न पिसलेला गठ्ठा मला कळत न्हाय व्हय अण्णा?”

“मग रडत हुतीस ती?”

“रडत कुठं होते. हसू आवरंना झालतं. पाळकसाहेब गुडघ्यावर आले तवा तर मला वाटलं आता मी बाहेर पळते.”

एवढ्यावर थांबलो असतो तर चुकून झालं असंच तिला वाटलं असतं. मी समोर बसलो आणि बाकीचं सांगितलं. गठ्ठा मी मुद्दाम काढला हे ऐकल्यावर तिचा हात ताटातच थांबला.

“माझ्यासाठी काढलासा?”

“माझ्यासाठी,” मी म्हटलं.

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, “अण्णा, मी त्या दवाखान्याला व्हय म्हणून कळवलंय. नाताळाच्या आदीच. तिथं एकच नर्स हाय आणि तीबी दमलीया. मला ते काम येतंय. पाळकीणबाईंस्नी विचारलं, आमच्या मेट्रनना विचारलं, प्रार्थना केली, आणि ठरवलं. जाऊ का नको, हे मी टोपलीला विचारणारच न्हवते. तुमास्नी सांगायचं धाडस होईना, तेवढ्यासाठी प्रार्थना चाललेली.”

“आणि चुकलं असलं तर? देवाचं म्हणणं वेगळंच असलं तर?”

“चुकलं तर चुकलं. त्यो काय टपून बसलाय व्हय, हिनं चुकीची गाडी धरली की हिचा हात सोडतो म्हणून?” ती माझ्याकडे बघत होती. “दर रविवारी देव चांगला हाय म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तुमी गातासा. आणि त्याच्या हातात एक कार्ड द्यायला भितासा.”

मी म्हटलं, “तुझ्या आईला काय आलतं ते आठवतंय न्हवं? दीर्घायुष्य. मग भिऊ नको तर काय करू?”

तेव्हा तिनं मला असं काही सांगितलं जे नऊ वर्षं तिच्याकडेच होतं. शेवटच्या आठवड्यात शांता तिला म्हणाली होती, “तुझे अण्णा त्या कार्डावर रुसत्याल बघ. त्यास्नी सांग, मी देवाकडं वर्षं मागितलीच न्हवती. माझ्याजवळ बस, एवढंच मागितलंतं. बसलाय त्यो.” रूथनं ते मला सांगितलं नव्हतं, कारण त्या दिवसांत मला काही सांगण्याची सोय नव्हती. मी ताटापुढं बसून रडलो. साठीच्या माणसानं दिवसाढवळ्या रडावं तसं, आवाज करून.

दुसऱ्या दिवशी मी मंडळीपुढं उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. दगड पडतील अशी तयारी होती. झालं भलतंच. पाळकसाहेबांनी मला जवळ घेतलं आणि जाहीर केलं की दाविदभाऊंनी वचन लपवलं तरी देवानं ते बाहेर काढलं, तेव्हा आता तर शंकेला जागाच उरली नाही. लोक आमेन म्हणाले. म्हणजे पिसलं तरी देव, न पिसलं तरी देव, आणि काढून ठेवलं तरी देवच. इतकी माफी मला नको होती. मनोहर मास्तर तेवढे खट्टू झाले. “म्हंजे सीमाप्रश्न पुना हाय तिथंच,” ते म्हणाले. बाहेर आल्यावर इस्राएलतात्यांनी माझा दंड धरला.

“दाविद, म्हंजे माझं जायाचं न्हाय व्हय?”

“तसं काय न्हाय तात्या.”

“बरं झालं. पर मी पोरास्नी सांगून बसलोय. आता त्यांस्नी कोण सांगायचं?”

तात्या अजून आहेत. कोट पोराच्या पोरानं लग्नात घातला. बदलीचा अर्ज बाईंनी दिलाच नाही. प्रवचनमाला इस्टरपर्यंत चालली आणि कुणीही कुठंही गेलं नाही.

मार्चमध्ये रूथ गेली. बेळगाव स्टेशनवर मी तिला शेंगाचटणी आणि भाकऱ्यांचं गाठोडं दिलं. तिनं आणखी एक गोष्ट मागितली होती, डायऱ्यांमागे राहिलेली शहाण्णव कार्डं. “तिथं उपयोगाला येतील,” म्हणाली. गाडी हलल्यावर मी देवाला विशेष काही म्हटलं नाही. घरी आलो, सवयीनं दोघांचा चहा टाकला आणि दोन्ही कप मीच प्यालो.

तिकडं तिचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते माझ्या जुन्या कार्डांसारखं होईल. पहिल्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला. दुसऱ्या वर्षी डॉक्टर सोडून गेले आणि दवाखाना बंद पडायला आला होता. फोनवर एकदा ती म्हणाली, “अण्णा, आज लई वाटालंय, चुकलं का काय.” मी म्हणालो, “चुकलं तर चुकलं,” आणि पुढचं वाक्य मला म्हणता येईना. तिनंच ते पुरं केलं, “त्यो काय टपून बसलाय व्हय?”

गेल्या वर्षी तिचा फोन आला की दवाखान्याच्या नोंदवह्या सुट्ट्या झाल्या आहेत, जुने केसपेपर उंदीर खातायत, बांधणी येणारं माणूस तिथं कुणी नाही. “चार महिने या की अण्णा.” मी सोलापूरच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. यावं की नको, हे मी कुठल्या टोपलीला विचारलं नाही. आप्पांना विचारलं. ते आता छापखाना नातवाकडे देऊन घरी बसतात. म्हणाले, “पोरगीनं बोलावलंय. ह्यात कौल कसला लावायचा?” मी दाभण, दोरा आणि खळीचं सामान पिशवीत घातलं. तो गठ्ठा टोपलीत गेला त्या वर्षी आमच्या मंडळीत ब्याण्णव जणांना ‘जा’ आलं होतं. शेवटी गेले दोघंच. एक, जिनं कार्ड यायच्या आधीच ठरवलं होतं, आणि दुसरा, ज्यानं ते लपवलं होतं.

हे मी त्या दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. चारशे वह्या बांधून झाल्या, अजून तेवढ्याच आहेत. परवा इथल्या लोकांना कळलं की मी वचनांची कार्डं करणारा माणूस. नेलेली शहाण्णव केव्हाच संपली होती. मग त्यांनी जाड कागद आणून दिला. मी चौकटी आखल्या, रूथनं आणि इथल्या एका मास्तरांनी त्यांच्या भाषेत वचनं लिहिली. काय घ्यायचं ते मी सांगत होतो. मेंढपाळाचं घेतलं, ‘भिऊ नको’ घेतलं, एकदाच. सोसण्याचं घेतलं. ‘जा’चं घेतलं. शेवटी दीर्घायुष्याचंही सांगितलं. रूथनं लिहिता लिहिता मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

कापून झाल्यावर मी सगळी कार्डं एकत्र केली आणि पिसायला घेतली. कुठलं कुठं जातंय ते दिसू नये म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले.

रूथ म्हणाली, “अण्णा, डोळं उघडून पिसला तरी चालतंय.”